गाडीमागचं घर

कारखानीस मॅडमना बसलेलं मी फक्त त्यांच्या व्हिसाच्या फोटोत पाहिलं. तिथेही त्या आता उठणारच आहेत असं वाटतं. एक खांदा पुढे, मान किंचित वळलेली, जणू फोटोवाल्याला विचारताहेत, ‘झालं का रे बाबा?’

आमचं ऑफिस दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या एका गोदामावर आहे. रस्त्यात गाडी बंद पडली की लोक आम्हाला फोन करतात आणि आम्ही रिकव्हरी पाठवतो. रिकव्हरी म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा तो लांब सपाट ट्रक. इथे सगळे त्याला त्याच नावाने ओळखतात. फोनच्या डेस्कवर आम्ही मोजकी माणसं, आणि मॅडम आमच्या प्रमुख. त्यांना चांगली मऊ पाठीची खुर्ची मिळालेली होती. तिच्यावर त्यांची पर्स बसायची. त्या स्वतः कानाला हेडफोन लावून खोलीभर चालत असायच्या. भिंतीवरच्या नकाशापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पॅन्ट्रीपर्यंत. त्यांचा चहाही त्यांच्यासारखाच हिंडायचा. कधी प्रिंटरवर, कधी खिडकीच्या कठड्यावर, एकदा तर वॉशरूमबाहेरच्या आग विझवायच्या नळकांड्याच्या डोक्यावर सापडला. प्रत्येक वेळी अर्धा प्यायलेला आणि गार.

“मॅडम, बसा ना जरा,” असं नवीन आलेला कुणीतरी म्हणायचाच.

“तो तिकडे रस्त्यात उभा आहे आणि मी इथे बसू?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी परांड्याचा. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझा, बी.कॉम.चा. वडील बाजार समितीत हमाली करत. त्यांनी तो कागद देवांच्या फोटोंच्या रांगेत लावला होता. त्याच्या झेरॉक्स घेऊन मी इथे आलो तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायला गेलं की जीभ अडखळायची. मॅडमनी माझी फाईल उघडलीच नाही. चालता चालता विचारलं, “महादेव, बाई फोनवर रडतेय. गाडी बंद पडलीय. तुझा पहिला प्रश्न काय?”

“नाव आणि मेंबरशिप नंबर, मॅडम.”

“चूक. रस्त्याच्या कडेला आहात का मध्ये, हे आधी. मध्ये असेल तर म्हणायचं, गाडी सोडा, रेलिंगच्या पलीकडे जा. नाव काय, धड राहिली तर सांगेल सावकाश.” मग माझ्यासमोर क्षणभर थांबल्या. “मराठी मीडियम?”

“हो मॅडम.”

“बरं आहे. घाबरत घाबरत इंग्रजी बोलणाऱ्याला घाबरलेल्याचं इंग्रजी लवकर कळतं. उद्यापासून ये.”

त्या एका वाक्यावर माझं घर आजही चाललेलं आहे. पण त्यांचे आभार मानायची सोय नव्हती. मानायला लागलं की त्या चालू लागायच्या.

शिकवायची त्यांची पद्धतही चालतीच. लोक व्हॉट्सॲपवर लोकेशनची पिन पाठवतात, आम्ही ती ड्रायव्हरला देतो, इतकं सोपं काम, असं मला वाटायचं. मॅडम म्हणायच्या, “पिन खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते.” आणि ते खरं होतं. इथले हायवे इतके रुंद की पिन त्याच जागेची असते, पण माणूस पलीकडच्या बाजूला असतो, आणि वळण घेऊन यायला रिकव्हरीला कितीतरी लांब जावं लागतं. म्हणून त्या विचारायच्या, “सूर्य कुठल्या खांद्यावर आहे तुमच्या?” लोक चक्रावायचे. एकदा एक लेबनीज गृहस्थ चिडून म्हणाले, “मॅडम, माझी गाडी बिघडलीय, मी योगा करत नाहीये!” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हबीबी, डावा की उजवा, एवढंच सांगा.” त्यांनी सांगितलं, आणि ट्रक बरोबर बाजूने पोहोचला.

गंमत म्हणजे देशातल्या सगळ्या रस्त्यांची वळणं पाठ असलेल्या या बाईकडे लायसन्स नव्हतं. टेस्टला किती वेळा बसल्या ते त्या सांगत नसत. त्यांचे मिस्टर, मनोहरराव, हळूच म्हणायचे, “ड्रायव्हिंग स्कूलवाले दिवाळीला हिला मिठाई पाठवतात.” शेवटच्या टेस्टची हकीकत मात्र त्या स्वतः रंगवून सांगायच्या. परीक्षक शेजारी बसलेला, गाडी उत्तम चाललेली, आणि यांना दिसलं की कडेला एक टॅक्सी बंद पडलीय आणि ड्रायव्हर वाहत्या रस्त्याच्या बाजूला उभा राहून बॉनेटमध्ये वाकलाय. यांनी इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, काच खाली करून ओरडल्या, “भाई, उस तरफ से खडे रहो!” परीक्षकाने कागदावर खूण केली. ‘विनाकारण गाडी थांबवली.’

“विनाकारण!” हे सांगताना त्या दर वेळी टाळी मारायच्या. “मी म्हटलं, सर, हेच तर माझ्या कामाचं कारण आहे. तो म्हणाला, मॅडम, खलास.”

त्यामुळे त्यांना कुठे जायचं असलं की ऑफिसची गाडी मी चालवायचो. दुबईत अल मनखूलला त्यांच्या घरी सोडायला जाताना वाटेत मासळी बाजार. त्या कायस्थ, म्हणजे मासळीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद नाही. उम्म अल कुवैनला समुद्र शेजारी, मासळी ताजी. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ती मागच्या सीटवर आणि पुढे मॅडम, पूर्ण वाटभर मागे वळून बघत, “डबा सरकला का रे?” दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत बसल्यावर आमचे मॅनेजर जेकब सर नाकाला रुमाल लावायचे. स्वतः केरळातल्या कोट्टायमचे असूनही. “नलिनी मॅडम, मछली आपने खाई, गाडी ने क्या पाप किया?”

या जेकब सरांशी त्यांचं मोठं भांडण झालं ते कॅराव्हॅनवरून.

हवा जरा निवली की इथली माणसं वाळवंटाकडे आणि समुद्रकाठी निघतात. बऱ्याच जणांकडे कॅराव्हॅन असते, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. आमच्या करारात एक कलम होतं. मेंबर आहे ती गाडी. मागची कॅराव्हॅन मेंबर नाही. तिचं टोइंग, म्हणजे ओढून नेणं, हवं असेल तर जादा पैसे भरून वेगळं कव्हर घ्या. ते बहुतेकांना माहीतच नसायचं. गाडी बंद पडली की आमचा ट्रक येणार, गाडी पाठीवर घेणार आणि कॅराव्हॅन जागेवर सोडून निघून जाणार. मग माणसाने काय करायचं? गाडीबरोबर गॅरेजला जायचं का घराजवळ थांबायचं?

एकदा असेच एक वयस्कर अरब गृहस्थ, बायको आणि नातवंडांसह, उम्म अल कुवैनच्या अलीकडे अडकले. गाडी उचलली. कॅराव्हॅन राहिली. गृहस्थ म्हणाले, घर इथे आहे, मी कुठेही येणार नाही. आमच्या ड्रायव्हरने, नूर भाईने, फोन केला, “मॅडम, बाबा नहीं आ रहा है। अंदर कहवा बना रहा है।” मॅडमनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि टॅक्सी करून तिकडे गेल्या. दुसरा ट्रक मिळेपर्यंत त्या तिथेच होत्या. नंतर नूर भाईने मला सांगितलं, मॅडम आत बसल्या नाहीत. म्हातारीने खजूर दिले ते हातात घेऊन कॅराव्हॅनभोवती फिरत राहिल्या आणि जवळून ट्रक गेला की ती हलते कशी ते बघत राहिल्या.

परत आल्या त्या थेट जेकब सरांच्या केबिनमध्ये. दार उघडंच राहिलं, त्यामुळे आम्ही सगळं ऐकलं.

“ट्रेलर का कव्हर अलग है, नलिनी मॅडम. नहीं लिया तो नहीं लिया. रूल इज रूल.”

“जेकब सर, समजा रस्त्यात तुम्हाला चक्कर आली. मी ॲम्ब्युलन्समध्ये तुम्हाला घालून घेऊन गेले आणि मिसेस जेकबना तिथेच रोडवर सोडलं. चलेगा?”

जेकब सरांनी थोडा विचार केला. “डिपेंड्स,” ते म्हणाले.

आम्ही बाहेर तोंडावर हात धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीत. आठवडाभर त्या रोज सकाळी केबिनच्या दारात उभ्या राहायच्या. शेवटी जेकब सर कंटाळले आणि एक तोडगा निघाला. एक हिवाळा प्रयोग करायचा. मेंबरने निघण्याआधी कॅराव्हॅन मॅडमकडून तपासून घ्यायची. त्यांनी पास केली की तिच्यावर हिरवं स्टिकर. स्टिकर असलेली कॅराव्हॅन गाडीबरोबरच आणायची, वेगळं कव्हर नको. पण तपासलेली एक जरी कॅराव्हॅन रस्त्यात उलटली आणि दोष तपासणीचा निघाला, तर प्रयोग बंद. पुन्हा विषय काढायचा नाही.

“खलास?” जेकब सर म्हणाले.

“यल्ला, चला,” मॅडम म्हणाल्या आणि लगेच मला हाक मारली. गाडी काढायला.

तो हिवाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस मला आठवतात ते सगळे काचेतून मागे पळणारे. शारजा, अजमान, अल ऐन, परत दुबई. मॅडम पुढे बसलेल्या, पण बसलेल्या कसल्या, सीटबेल्टला लटकलेल्या. पुढच्या कॅराव्हॅनवाल्याला फोन, मागच्याला फोन, मला “लेन बदल, लेन बदल.” पोहोचलं की मी गाडी बंद करायच्या आत त्या खाली उतरून टायरपाशी वाकलेल्या असायच्या. कॅराव्हॅनचा टायर दिसतो नवा, कारण तो फारसा फिरलेलाच नसतो. पण उन्हात उभा राहून आतून तडकतो. “चालून म्हातारे होत नाहीत हे,” त्या म्हणायच्या. “उभे राहून होतात. माणसासारखंच आहे.” आणि आपणच चालू लागायच्या, जणू ते वाक्य आपल्याला लागू पडू नये म्हणून.

दुसरी तपासणी वजनाची. कॅराव्हॅनमध्ये जड सामान चाकांच्या पुढे, गाडीच्या बाजूला ठेवावं लागतं. मागे जड झालं की पुढची बाजू उचलली जाते आणि वेगात ते घर शेपूट हलवायला लागतं. मी एकदा सहज म्हणालो, “मॅडम, आमच्याकडे बैलगाडीत मागे जास्त भरलं की उलाळ होते म्हणतात. बैलाच्या मानेवरून जू वर जातं.” त्यांना तो शब्द इतका आवडला की त्या सगळ्यांना तोच सांगत सुटल्या. अल ऐनमधल्या एका तरुण पोराने मागच्या भिंतीला भला मोठा टीव्ही आणि खाली जनरेटर बसवला होता. मॅडम त्याला म्हणाल्या, “बेटा, धिस इज उलाळ.” तो आदराने म्हणाला, “ओके, उलाळ. नो प्रॉब्लेम,” आणि जनरेटर पुढे घेतला.

त्याच सुमारास कोजागिरी होती. अल मनखूलच्या आसपासची मराठी कुटुंबं दर वर्षी पौर्णिमेजवळचा शनिवार धरून अल ऐनच्या रस्त्याला वाळवंटात जातात आणि तिथे दूध आटवलेलं पितात. त्या वर्षी मॅडमच्या खालच्या मजल्यावरच्या सामंतांनी जुनी कॅराव्हॅन घेतली होती. बिल्डिंगखाली लावायला जागा नाही म्हणून ती उम्म अल कुवैनच्या एका यार्डात असायची. शुक्रवारी मॅडमनी माझ्यासमोर ती तपासली. टायर नवे, जोडणी घट्ट, साखळी, दिवे, ब्रेक, सगळं नीट. आत रिकामी, झाडून ठेवलेली. मॅडमनी हिरवं स्टिकर स्वतःच्या हाताने लावलं आणि वर तळहाताने दाबलं. सामंत म्हणाले, “नलूताई, आमची मुलगी पास झाली म्हणा.”

शनिवारी दुपारी मी अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोलपंपावर त्यांना जाऊन मिळालो. तीन-चार गाड्या, सामंतांची कॅराव्हॅन, साड्या नेसलेल्या बायका, मोबाईलमध्ये डोकं घातलेली पोरं. मॅडमनी जरीकाठी साडी नेसली होती, पण सवयीने कॅराव्हॅनभोवती एक चक्कर मारलीच. चाकं पाहिली, साखळी ओढून पाहिली. मागचं दार मात्र उघडलं नाही. “आत दूध आहे रे,” त्या मला म्हणाल्या. “दाराला टेकून ठेवलंय. उघडलं तर सांडेल.”

मी मॅडमच्या गाडीत मागे बसलो. शेजारी त्यांची मुलगी ऋचा, कानात वायर. मनोहरराव चालवत होते. पुढे सामंतांची कॅराव्हॅन. मॅडम आनंदात होत्या, चारोळी जास्त झाली की कमी यावर मनोहररावांशी वाद चालला होता. “बदाम तुम्हीच मोजून आणलेत,” त्या म्हणत होत्या, आणि बोलता बोलता पुढच्या काचेकडे वाकल्या.

पुढे कॅराव्हॅनची मागची बाजू हळूच डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, थोडी जास्त.

“उलाळ,” मॅडम म्हणाल्या. अगदी हळू.

त्यांनी फोन लावला. “सामंत, ब्रेक मारू नका. ऐकताय? ॲक्सिलरेटरवरचा पाय नुसता काढा. ब्रेक नको, ब्रेक नको!” त्याच वेळी एक मोठा ट्रक त्यांच्या बाजूने गेला, त्याच्या वाऱ्याने कॅराव्हॅन एकदम फेकली गेल्यासारखी झाली आणि मागचे लाल दिवे लागले. सामंतांनी ब्रेक मारला होता. कॅराव्हॅन आडवी फिरली, तिने गाडीला कठड्याकडे ढकललं, जोडणी तुटली आणि ते घर रस्त्याच्या कडेला वाळूत कुशीवर पडलं.

“मम्मा, ओ माय गॉड,” ऋचा म्हणाली. मनोहररावांनी गाडी बाजूला घेतली. ती थांबायच्या आत मॅडम खाली.

कॅराव्हॅनमध्ये कुणी नव्हतं. सामंत धडधाकट होते, सामंतवहिनींचं मनगट सुजलं होतं, गाडीचा पुढचा भाग कठड्यात घुसला होता. मॅडमनी सगळ्या बायकापोरांना कठड्यापलीकडे नेऊन उभं केलं, दोन रिकव्हऱ्या मागवल्या, पोलिसांना कळवलं, वहिनींच्या हाताला आपली ओढणीसारखी शाल बांधली. हे सगळं त्या नेहमीच्या आवाजात करत होत्या. मग कॅराव्हॅनच्या मागच्या बाजूला गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या.

दार निखळलं होतं. मोठं पातेलं उपडं पडलं होतं आणि दूध वाळूत जिरत होतं. वर केशराचे धागे आणि चारोळी तेवढी राहिली होती. पातेलं हलू नये म्हणून त्याच्याभोवती पाण्याचे कॅन लावलेले, गॅसचं सिलिंडर, सतरंज्यांची गुंडाळी, शेगडी. सगळं मागे. चंद्र दिसेपर्यंत दुधाला धक्का लागू नये म्हणून प्रत्येक घराने आपापली जड वस्तू आणून त्याला टेकू दिला होता.

“महादेव,” मॅडम म्हणाल्या, “फोटो काढ. आतले सगळे. काय कुठे होतं ते दिसलं पाहिजे.”

सामंत धावत आले. “नलूताई, पातेलं नको फोटोत. सामान मागे भरलं हे दिसलं तर मेंबरची चूक म्हणून सगळं माझ्या गळ्यात घालतील. कॅराव्हॅन गेली, वर टोइंगही माझ्याच डोक्यावर. आपण पातेलं उचलू. टायर फुटला म्हणू.”

“टायर नवा आहे. मीच पाहिलाय.”

“मग तुम्ही कुणाच्या बाजूने? आपल्या माणसांच्या का कंपनीच्या?”

बाकीची मंडळीही जवळ आली होती. कुणीतरी म्हणालं, “जाऊ दे ना हो मॅडम, देवाचं दूध होतं.” मॅडमनी पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पातेलं माझं आहे, सामंत. दूध माझ्या घरी आटलं. तुम्ही विचारलं होतंत, पुढे ठेवू का? मी काय म्हणाले?”

सामंत एक पाऊल मागे सरकले.

“मी म्हणाले, पुढे पलंगाजवळ हिंदकळेल, मागे दाराशी ठेवा. उतरवायला बरं.” मग माझ्याकडे वळून, “काढ फोटो.”

मी काढले. ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं की हा प्रयोग म्हणजे मॅडमचा जीव आहे, आणि आता या फोटोंतून दोनच वाटा निघत होत्या. सामंतांची चूक ठरली तर प्रयोग वाचेल पण शेजारी बुडेल. तपासणीची चूक ठरली तर शेजारी वाचेल आणि सगळ्या कॅराव्हॅन पुन्हा रस्त्यात एकट्या राहतील. मला वाटत होतं, मॅडमनी त्या दिवशी काहीच बोलू नये, घरी जावं, झोपावं. पण त्या फेऱ्या मारत राहिल्या, गाडीपासून कॅराव्हॅनपर्यंत आणि परत, साडीचा काठ वाळूत घासत. ऋचा मला म्हणाली, “शी वोन्ट स्टॉप, यू नो. शी नेव्हर डज.” नूर भाईचा ट्रक आला तेव्हाच त्या थांबल्या. दोन्ही ट्रक एकामागोमाग गेले. मागे राहिलेले आम्ही पेट्रोलपंपावर येऊन ताकाच्या बाटल्या घेतल्या. त्या वर्षीची कोजागिरी तशी झाली.

सोमवारी केबिनचं दार बंद होतं, पण मला फोटो दाखवायला आत बोलावलं होतं. जेकब सरांनी सगळे फोटो पाहिले. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “सीधी बात है। मेंबर ने लोड गलत किया। कव्हर नहीं मिलेगा। आपका एक्स्पेरिमेंट भी सेफ, आप भी सेफ।”

“नाही सर. मेंबरने इन्स्पेक्टरला विचारून ठेवलं. इन्स्पेक्टरने चुकीचं सांगितलं.”

“तो फिर इन्स्पेक्शन फेल. एक्स्पेरिमेंट बंद.”

“इन्स्पेक्शन नाही, इन्स्पेक्टर फेल.” मॅडम टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. “तपासणीत एक गोष्ट घाला. निघताना, भरलेली कॅराव्हॅन बघायची. रिकामी नाही. आणि मला काढा. ज्याने चूक केली तो गेला की तुम्हाला मालकांना सांगता येईल. सामंतांना त्यांचं टोइंग द्या, कारण त्यांनी आमच्या माणसाचं ऐकलं.”

“नलिनी मॅडम,” जेकब सर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, “आप यहाँ डेस्क पे नहीं बैठ पाएँगी फिर।”

“बसले कधी होते मी?” मॅडम म्हणाल्या.

यावर कुणीच हसलं नाही. मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीट कळत नाही की हे बरोबर झालं का. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. सामंतांना टोइंगची भरपाई मिळाली, पण त्यांनी नंतर मॅडमशी बोलणं कमी केलं, कारण सगळ्यांसमोर त्यांनी ‘टायर फुटला म्हणू’ असं म्हटलेलं होतं आणि ते सगळ्यांना आठवत होतं. आमच्या डेस्कवर खुर्चीवरची पर्स गेली आणि खुर्ची रिकामी दिसायला लागली. नवीन प्रमुख बसून काम करतात. चांगलं करतात. पण फोनवर कुणी रडायला लागलं की आम्हा जुन्यांपैकी कुणीतरी नकळत उभं राहतं.

प्रयोग मात्र टिकला. पुढे मालकांनी तो कायमचा केला. मनोहरराव निवृत्त झाले, ऋचाला अल ऐनच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि कारखानीस मंडळी तिकडे राहायला गेली. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्या काहीतरी करत होत्या. “बोल लवकर, दूध उतू जाईल,” “बोल, दारात माणूस उभा आहे.” माझ्या पगारवाढीची बातमी मी अर्ध्या वाक्यात सांगितली. “छान. वडिलांना कळव आधी,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

यंदाच्या हिवाळ्यात एका तक्रारीच्या निमित्ताने मी नूर भाईबरोबर अल ऐनच्या रस्त्याला गेलो होतो. एका कुटुंबाची गाडी गरम होऊन बंद पडली होती. गाडी आमच्या पुढच्या ट्रकच्या पाठीवर, आणि आम्ही त्यांची कॅराव्हॅन ओढत हळूहळू चाललो होतो. तिच्या मागच्या दिव्यांची वायर सुटली होती आणि ऊन कलायला लागलं होतं. मागून भरधाव गाड्या येत होत्या, शेवटच्या क्षणी वळसा घालत होत्या, हॉर्न वाजवत होत्या.

थोड्या वेळाने हॉर्न बंद झाले. नूर भाई आरशात बघत म्हणाला, “ये सफेद गाडी कब से पीछे है। ओव्हरटेक क्यों नहीं करता?”

एक पांढरी कार आमच्या मागे ठरावीक अंतर ठेवून चालली होती. तिचे दिवे लागलेले होते. तिच्यामुळे मागचे सगळे लांबूनच लेन बदलून जात होते. आमच्या वेगाने, म्हणजे जवळजवळ रांगत, ती बराच वेळ तशीच येत राहिली. मग अल ऐन शहरात जाणारा फाटा जवळ आला. तिने इंडिकेटर दिला, आमच्या बाजूला आली, आणि मला शेजारच्या सीटवर कारखानीस मॅडम दिसल्या. ऋचा चालवत होती आणि तिचा चेहरा पुरता वैतागलेला होता.

मी काच खाली करून हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या सीटबेल्ट ताणून पूर्ण मागे वळल्या होत्या, एक तळहात काचेला लावून कॅराव्हॅनच्या चाकांकडे बघत होत्या. दुसऱ्या हाताने मुलीला सांगत होत्या, सावकाश, अजून सावकाश. मग फाटा आला आणि त्यांना वळावंच लागलं.